होडीला भोक नसतं

धाकलू तांडेल कुठल्याही नव्या जागेत शिरले की आधी नमस्कार करत नसत, आधी भिंतीला हात लावत. तळहात नव्हे, हाताची पाठ. तापलेल्या पोराच्या गळ्याला लावतात तशी. मग हात डोळ्यांजवळ आणून बघत, ओला दिसला तर जिभेच्या टोकानं चाखत, आणि त्यानंतर घरच्या माणसांकडे वळून "कसा काय, बरा हाय ना?" असं विचारत. लग्नाचा हॉल, दाताचा दवाखाना, नातीची शाळा, कशालाच अपवाद नव्हता. आमच्या डोंबिवलीच्या घरी सत्यनारायणाला आले तेव्हा त्यांनी फ्रिजमागची भिंत चाखली आणि प्रसादाला हात पुढे करता करता माझ्या आईला शांतपणे सांगितलं, "खारा हाय." धाकलूकाकांच्या शास्त्रात खारट पाणी म्हणजे खाडीचं. म्हणजे कोपरची खाडी आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत आलेली होती. आई त्या दिवसापासून त्यांच्याशी जरा जपूनच बोलायची.

काका आता नाहीत. दोन वर्षं होतील. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं तर काय सांगायचं हे मला अजून नीट जमत नाही, कारण "आमच्याकडे कामाला होते" म्हटलं तर खोटं वाटतं, आणि "माझे गुरू होते" म्हटलं तर ते स्वतःच वर बसून भुवया उंचावतील.

शहाडला, उल्हास नदीच्या अंगाला, आमची शेड होती. फायबरग्लासच्या पाण्याच्या टाक्या, बसच्या सीटा आणि कुठेही उचलून ठेवता येणारे संडास आम्ही बनवायचो. मी तिथे डिझाइनला होते. माझ्या नावावर तेव्हा संडासाची तीन मॉडेलं होती आणि मला बघायला आलेल्या पाहुण्यांना आई "ती फायबरमध्ये आहे" एवढंच सांगायची. लॉकडाऊन उठल्यावर लोकांना अचानक घराबाहेर आणखी एक घर हवंसं वाटू लागलं, आणि आमचे मालक देवस्थळी सर एके सकाळी म्हणाले, "मनीषा, आपण कॅराव्हान करू या. छोटी. जीपच्या मागे लावायची. दोन माणसं झोपतील अशी." मी कॅराव्हान फक्त मोबाइलवर पाहिलेली होती. सरांनी तर तीही पाहिलेली नव्हती, त्यांना मेहुण्यानं सांगितलेलं.

फायबरचे मोठे गोल आकार हातानं ओतणारा माणूस हवा होता. कोणीतरी धाकलू तांडेलांचं नाव सुचवलं. कोपरच्या पुढं खाडीकाठी त्यांचं गाव. वडील लाकडाच्या होड्या बांधत, काकांनी स्वतः फायबरच्या बांधल्या. पुढे खाडीत मासळी राहिली नाही, मग होड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. पांढरा सदरा, करंगळीत चांदीची जाड अंगठी आणि पासष्टीच्या आसपासचं वय असे ते मुलाखतीला आले. आधी ऑफिसच्या भिंतीला हात लावला. मग बसले.

"अनुभव किती?" सरांनी विचारलं.

"माझे हातची होरी गलत नाय."

"शिक्षण?"

"माझे हातची होरी गलत नाय."

"बरं, पगाराची अपेक्षा काय?"

काकांनी सरांकडे जरा काळजीनं बघितलं. ऐकू कमी येतं की काय, असं त्यांना वाटलं असावं. तेच वाक्य त्यांनी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. सरांनी त्यांना ठेवून घेतलं.

आपल्या हातची होडी गळत नाही, ही नुसती बढाई नव्हती. त्यांच्या गावात नारळी पौर्णिमेला गावाचा म्हणून एक नारळ खाडीला देतात. तो नारळ देण्याचा मान होडी बांधणाऱ्याच्या घराकडे, म्हणजे तांडेलांकडे. आणि त्याला एक अट, वडिलांनी त्यांना घातलेली: ज्याची होडी गळली, त्याच्या हातचा नारळ पाण्याला द्यायचा नाही. गावात ही अट बाकी कुणाच्या लक्षात होती की नाही, देव जाणे. काकांच्या होती. उभ्या आयुष्यात त्यांची होडी गळली नव्हती आणि एकही पौर्णिमा चुकलेली नव्हती.

कॅराव्हानचं अंग कसं असतं ते एकदाच सांगते. दोन मोठ्या वाट्या समजा. एक उताणी, एक तिच्यावर पालथी. कडेला कड जुळवायची आणि सांध्यावर काचतंतूंची पट्टी रेझिनमध्ये भिजवून आतून-बाहेरून चढवायची. छताला जोड नाही, म्हणून छत गळायचा प्रश्न नाही. हे मी सरांना फळ्यावर अर्धा तास समजावून सांगितलं. काकांनी साच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "दोन होऱ्या हायेत. यक उलटी झालेय." यानंतर समजावण्यासारखं काही उरलं नाही.

भिंत दुहेरी होती. बाहेरची कातडी, मध्ये फोम, मग आतली कातडी, म्हणजे बाहेरचं ऊन आणि थंडी आत शिरायला नको. हेही त्यांना शिकवावं लागलं नाही. मच्छीमारी होडीत बर्फाचा खण असतो, त्याच्या भिंतीत हाच फोम असतो. पापलेटाला जे सुख वर्षानुवर्षं मिळत होतं ते आम्ही आता माणसाला देणार होतो.

काका मीटरपट्टी वापरत नसत. वीत, बोटं आणि एक मळका दोरा. माझ्या ड्रॉइंगमध्ये मिलीमीटर असत, ते ड्रॉइंग समोर ठेवून ते दोऱ्याला गाठी मारत, आणि काम झाल्यावर मी मीटरपट्टी लावली की माप बरोबर निघे. याचा मला राग यायचा. कोपरे त्यांना अजिबात खपत नसत. "कोपऱ्यात पानी बसतं," म्हणून आतले सगळे कोपरे त्यांनी गोल केले, कपाटाचेसुद्धा. त्यात कुठलाही डबा सरळ उभा राहत नसे. आणि काम सुकलं की अंगठीनं ठोकून कान लावत. आवाज भरीव आला तर म्हणत, "बोलतेय." कुठे फोम नीट चिकटला नसेल तर तिथं पोकळ वाजे. मग म्हणत, "हितं रुसलेय," आणि तेवढा भाग कापून पुन्हा भरत.

माझ्या ड्रॉइंगमध्ये दोन हवेची भोकं होती. एक दरवाज्याजवळ खाली, एक छतात. पाऊस येऊ नये म्हणून बाहेरून टोपी, किडे येऊ नयेत म्हणून आतून जाळी. मला त्या रचनेचा अभिमान होता. संडासाच्या अनुभवातून आलेली होती.

काकांनी त्या दोन गोलांवर बोट ठेवलं. "ह्या काय हाय?"

"भोक."

"कशाला?"

"हवेला."

चांगल्या घरच्या मुलीच्या तोंडून भलताच शब्द बाहेर पडावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी जेवताना मात्र त्यांनी आपल्या डब्यातली तळलेली मांदेली निम्मी माझ्या डब्यात घातली. मला वाटलं, म्हाताऱ्यानं आपल्याला पास केलं. ते सांत्वन होतं हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

पहिली कॅराव्हान डोंबिवलीच्या करंदीकरांनी घेतली. करंदीकर सर शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, त्यांच्या पत्नी सुधाताई घरी शिकवण्या घेऊन. मुलगा परदेशात. दोघांना आयुष्यात एकदा बर्फ बघायचा होता. काकांनी गाडीला हार घातला, अंगठीनं ठोकली, कान लावला. "बोलतेय," म्हणाले, आणि करंदीकरांना वचन दिलं, "सर, माझे हातची होरी गलत नाय."

जानेवारीत करंदीकरांचा हिमाचलातून फोन आला.

"मनीषाताई, आपलं छत गळतंय."

"पाऊस आहे का तिकडे?"

"नाही. आकाश अगदी निरभ्र आहे."

"बर्फ?"

"बाजूला पडलेला आहे. छतावरचा मी रोज झाडतो. पण सकाळी उठावं तर अंगावर टपटप. हिची गादी ओली, माझी उशी ओली."

निरभ्र आकाशाखाली गळणारं छत. चाळीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला आणि एका डिप्लोमा इंजिनिअरला यात काही विचित्र वाटलं नाही, हे मी सहसा कोणाला सांगत नाही. आज लिहून टाकते.

काकांनी माझ्या हातून फोन घेतला. "सर, चव बगितली का?"

"कसली?"

"पान्याची."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज. मग करंदीकर सरांचा आवाज, "गोडं आहे."

काकांनी फोन खाली ठेवला. इथेच त्यांचं शास्त्र कमी पडलं. खाडीत चुकायची सोय नव्हती: खारं पाणी म्हणजे होडी गळली, गोडं म्हणजे खणातला बर्फ वितळला. पण डोंगरावर बाहेरचं पाणीही गोडंच असतं, हे त्यांनी कधी जगून पाहिलं नव्हतं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "वरशी बरफाचा पानी. गलतेय." हा शेवटचा शब्द बोलताना त्यांचा चेहरा इतका उतरला की मी उगाचच त्यांना चहा घेऊन आले.

गाडी परत आली तेव्हा आम्ही तिच्यावर नळी सोडली. सकाळपासून दुपारपर्यंत छतावर पाण्याचा मारा, आणि आत दार लावून काका एकटे, हाताची पाठ छताला लावून. बाहेर आले ते घामानं निथळत, पण छत खडखडीत कोरडं. तरीही देवस्थळी सरांनी सगळ्या कडांना, खिडक्यांना, दिव्यांना सिलिकॉन फासायला लावलं. आता तिच्यात मुंगीसुद्धा शिरली नसती. ती आणखी घट्ट झाली.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला काकांनी मान सोडला. हे मला त्यांच्या पुतण्यानं, रोशननं, सांगितलं. गावचे जाणते धक्क्यावर जमलेले, सजवलेला नारळ तयार, आणि काकांनी तो रोशनच्या हातात दिला.

"का रं धाकलू?" गावातल्या सगळ्यांत थोरल्या पोशाबाबांनी विचारलं.

"माझी यक होरी गलतेय."

"खय? कोनाची?"

"हिमाचलला हाय."

जाणत्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग खाडीकडे. हिमाचलला खाडी नाही एवढं त्यांतल्या दोघांना माहीत होतं, पण सणाच्या दिवशी वाद नको म्हणून ते गप्प राहिले. रोशननं नारळ टाकला. काका घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले, नारळीभातही खाल्ला नाही.

पुढच्या हिवाळ्यात करंदीकर पुन्हा गेले. पुन्हा ओलं. या वेळी तर जास्तच. सुधाताई खोकत परत आल्या आणि करंदीकरांनी गाडी आमच्या शेडच्या दारात आणून उभी केली. ओरडले नाहीत. शिक्षक ओरडायचे थांबतात तेव्हा जास्त भीती वाटते. म्हणाले, "ही तुमच्याकडेच ठेवा. आमचं बर्फ बघून झालं."

देवस्थळी सरांना कोणीतरी दोषी हवं होतं. ते माझं ड्रॉइंग घेऊन बाहेर आले.

"अख्ख्या छताला जोड नाही म्हणालीस ना? मग हे काय? छतात भोक कुणी काढलं? मी सांगतो, पाणी इथूनच येतंय. मनीषा, उद्यापासून तू परत संडास बघ. गाड्यांना हात लावू नकोस."

सगळी शेड बघत होती. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला. मी भोकाची बाजू मांडायला तोंड उघडणार, एवढ्यात मागून काका म्हणाले, "साहेब, त्या भोकातून पानी येनार नाय."

"का नाही येणार?"

"भोक नाय."

"म्हणजे?"

"बुजवलाय."

सर माझ्याकडे, मी काकांकडे. मी शिडी लावून छतावर चढले. टोपी होती. आत गेले. जाळी होती. जाळी काढली. जाळीच्या मागे गुळगुळीत, पांढरी, घासून चकचकीत केलेली भिंत. खालचंही तसंच. ड्रॉइंगमध्ये टोपी होती, टोपी बसवलेली. जाळी होती, जाळी बसवलेली. मधलं भोक तेवढं वगळलेलं.

"काका, मला सांगितलं का नाही?"

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमची चूक झाली व्हती, मॅडम. नवीन हाव तुमी. होरीला भोक नसतं. चारचौघांत कशाला सांगायचा? मी झाकली."

इतकी वर्षं झाली, पण त्या वाक्यावर मला हसायचं की रडायचं हे अजून ठरलेलं नाही. माझी अब्रू वाचवायला त्यांनी भोक बुजवलं होतं, आणि आज माझी नोकरी वाचवायला ते स्वतःच उघडं पाडत होते. तेही आपण बरोबरच केलं अशा पक्क्या समजुतीनं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी करंदीकरांना विचारलं, "सर, तुम्ही आत स्वयंपाक करत होता?"

"बाहेर मरणाची थंडी. आतच खिचडी लावायचो."

"खिडकी उघडून?"

"वेड लागलंय का?"

"आणि कपडे?"

सुधाताई म्हणाल्या, "दोरी बांधली होती आत. वाळत मात्र नव्हते मेले."

मी करंदीकर सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले आणि अगदी हळू, स्वतःलाच छडी मारावी तसे म्हणाले, "सांद्रीभवन. सातवीचा धडा. थंड पेल्याच्या बाहेर पाणी धरतं तो."

काकांना मी सांगायचा प्रयत्न केला. श्वासात वाफ असते, खिचडीची असते, ओल्या कपड्यांची असते, बाहेर जायला वाट नसली की ती थंड छताला जाऊन चिकटते आणि तिचं पाणी होतं. काका ऐकून घेत होते. मग हात वर करून मला थांबवलं. "बरफाच्या खनाला भायेरशी घाम येतं, तसा?"

"तसाच. तिथे थंड आत असतं, म्हणून घाम बाहेर. इथे थंड बाहेर, म्हणून घाम आत."

"उलटी होरी," ते म्हणाले, आणि तिथेच चाकावर बसले. पण नुसतं ऐकून मानतील तर ते धाकलू तांडेल कसले. "बगल्याबगर नाय," म्हणाले.

शहाडला हिमाचल कुठून आणायचं? ते काकूंनी आणलं. काकू डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकत. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून गोणपाटात बांधलेल्या बर्फाच्या लाद्या घेऊन त्या स्वतः आल्या, आणि पोरांकडून त्या छतावर रचून घेतल्या. मासळीच्या बाजाराचा वास त्या गाडीला पुढे बरेच दिवस होता. आत करंदीकर पती-पत्नी, देवस्थळी सर, काका आणि मी, गुडघ्याला गुडघा लावून. सुधाताईंनी नेहमीसारखी खिचडी लावली. दार बंद, खिडक्या बंद. कुकर फुसफुसायला लागला. पाच माणसं एका डब्यात बसून छताकडे बघत होती.

आधी खिडकीच्या लोखंडी बोल्टांवर बारीक थेंब आले. मग छत धुरकटलं. मग तिथे थेंब फुगले, एकमेकांत मिसळले, आणि एक मोठा थेंब बरोबर देवस्थळी सरांच्या टकलावर पडला. काकांनी सरांची परवानगी न विचारता तो हाताच्या पाठीनं टिपला आणि चाखला.

"गोडा हाय," ते म्हणाले. मग आम्हा सगळ्यांकडे बघून, "ह्या आपलाच हाय."

खिचडी झाली होती. कोणी खाल्ली नाही. काका दार उघडून बाहेर गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मी जवळ गेले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "मी होरी राखली, मॅडम. मानसा भिजवली." मला खूप वाईट वाटलं. माझं ड्रॉइंग बरोबर ठरलं होतं आणि त्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

त्यांनी मग ड्रिल मागवलं. आयुष्यात स्वतःच्या हातानं बांधलेल्या होडीला भोक पाडायची त्यांची पहिलीच वेळ. पोरं करायला तयार होती, पण त्यांनी दिलं नाही. डब्याच्या पिशवीतून एक नारळ काढला, गाडीच्या पुढ्यात फोडला, छताला हाताची पाठ लावून काहीतरी पुटपुटले. आमच्याशी ते बोलत नव्हते हे स्पष्ट होतं. आधी खालचं भोक पाडलं, मग छतातलं. फायबरचा पांढरा भुगा त्यांच्या भुवयांवर बसला. पुन्हा छतावर बर्फ, आत खिचडी आणि आम्ही पाच जण. या वेळी काका छतातल्या भोकाखाली हात धरून बसले.

"जाते भायेर," म्हणाले. "गरम गरम जाते." छत कोरडं राहिलं. खिडकीच्या बोल्टांवर मात्र थोडं पाणी धरलंच, म्हणून त्यांनी प्रत्येक बोल्टाला आतून फोमची टोपी बसवली. माझ्या ड्रॉइंगमध्ये ती नव्हती. पुढच्या सगळ्या गाड्यांच्या ड्रॉइंगमध्ये मी ती घातली, आणि शहाडच्या शेडमध्ये तिला अजून "धाकलू टोपी" म्हणतात.

करंदीकर फेब्रुवारीत तिसऱ्यांदा गेले. सुधाताईंचा हट्ट. काका रोज सकाळी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहत, काही विचारत नसत, माझ्या मोबाइलकडे बघत आणि परत जात. पाचव्या दिवशी फोन आला. करंदीकर सर एकच शब्द बोलले, "कोरडी." मी फोन स्पीकरवर ठेवला आणि त्यांना पुन्हा बोलायला लावलं. काकांनी ऐकलं, मान हलवली आणि रोलर घेऊन कामाला लागले. त्या दिवशी त्यांनी एका टाकीला जेलकोट, म्हणजे वरचा चकचकीत थर, दोनदा दिला.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला त्यांनी मला बोलावलं. मी गेलेले, आईनं दिलेला नारळीभात घेऊन. धक्क्यावर जाणत्यांमध्ये वाद चाललेला होता. रोशननं त्यांना सगळी हकिकत सांगितली होती आणि आता प्रश्न असा पडला होता की घाम म्हणजे गळणं का. असा प्रश्न गावापुढे आधी कधी आलेला नव्हता.

"आत पानी दिसला का? दिसला. मंग गलली," एक जण म्हणाला.

"भायेरचा आत आला तं गलली. आतचाच आतमदी पडला तं गलली कशी?" दुसरा.

"तुज्या होरीत तू घामाघूम व्हतंस, तवा होरी गलते का?" पोशाबाबा म्हणाले, आणि तिथे वाद मिटला. घाम म्हणजे गळणं नव्हे. तांडेलांची होडी गळली नाही. पोशाबाबांनी नारळ उचलून काकांपुढे धरला.

काकांनी हात पुढे केला नाही. "गलली नाय म्हनून नारल घेनार नाय," ते म्हणाले. "घाम माझ्याच हातानं आला. भोक मी बुजवला, आनि ह्या मॅडमना बोल लागलं. ती चूकच हाय." माझ्याकडे सगळे वळून बघायला लागले आणि माझ्या हातातला नारळीभाताचा डबा कुठे ठेवावा ते मला कळेना. मग काका म्हणाले, "पन आता ती कोरडी हाय. फोन आला व्हता. कोरडी हाय म्हनून घेतू." आणि दोन्ही हातांनी नारळ घेतला.

'माझे हातची होरी गलत नाय' हे वाक्य त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. खरं तर त्यानंतर फार काही ऐकलंच नाही. महिनाभरात मी ठाण्याला दुसरीकडे लागले, माजिवड्याला, आणि येऊ, जाऊ, भेटू म्हणता म्हणता रोशनचा फोन आला तो काका गेल्याचा. म्हणजे धक्क्यावरचा तो दिवस जवळजवळ शेवटचाच.

त्यांनी नारळ डोळ्यांना लावला आणि पाण्याला दिला. ओहोटी होती. खाडी खाली गेलेली, शांत, काठाशी नुसता चिखल. नारळ जरा वेळ तिथेच हलत राहिला, मग प्रवाहाला लागला. सगळे टाळ्या वाजवत होते. काका माझ्याकडे पाठ करून उभे होते. त्यांनी हाताची पाठ डोळ्यांवरून फिरवली, सवयीनं ती समोर धरून बघितली, आणि सवयीनंच जिभेच्या टोकाला लावली.

"खारा हाय," मला म्हणाले. "खारीचा पानी उडला."

वारा पडलेला होता आणि खाडीचं पाणी धक्क्यापासून बरंच खाली होतं. मी हो म्हटलं.